हरफ उमटेपर्यंत : पोहरादेवीतला एक जुना लॅपटॉप आणि लिनक्सचा इतिहास

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. पोहरादेवीजवळच्या एका तांड्यावर राहणाऱ्या माझ्या जुन्या स्नेह्यांचा फोन आला. ते निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. आवाज उतरलेला होता. म्हणाले, “भाई, दुकानदार म्हणतो लॅपटॉप भंगारात टाका. विंडोज दहा बंद झालं म्हणे, आणि अकरा यात बसत नाही. भंगारात टाकायला माझं काही जात नाही हो, पण त्यात माझी बारा वर्षं आहेत.”

बारा वर्षं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. १९९८ पासून गुरुजी तांड्यातांड्यांवर फिरून म्हाताऱ्या बायांकडून गोरबोलीतली गाणी उतरवून घेत होते. होळीच्या लेंगी, लग्नातली गाणी, आणि मुलगी सासरी जाताना रडत रडत म्हणते तो ढावलो. वह्या भरल्या की दिग्रसच्या एका डीटीपी सेंटरवर जाऊन टाईप करून घ्यायचे. चारशेच्या वर पानं झाली. त्यांची एक छापील प्रत होती. ती एक अभ्यासक वाचायला घेऊन गेले आणि परत आली नाही. वह्या एका पावसाळ्यात भिजल्या. ज्यांनी गाणी सांगितली, त्यांतल्या बहुतेक बाया आता नाहीत. उरली होती ती लॅपटॉपमधली फाईल.

आणि ती फाईल उघडली की दिसायची इंग्रजी अक्षरं, चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

मी दिग्रसचा. माझ्या वाचकांना ठाऊक आहे की मी संगणकाचा माणूस नाही, पण गेली बरीच वर्षं लिनक्स वापरतो आणि मोहल्ल्यातल्या पोरांचे जुने लॅपटॉप त्यावर चालू करून देतो. त्यामुळे गुरुजींनी मला फोन केला. मी पेन ड्राईव्ह खिशात टाकला आणि पोहरादेवीची वाट धरली. तिथं तीन दिवस जे झालं त्यावरून हा लेख सुचला. लॅपटॉपवर लिनक्स ‘पूर्ण’ चालू होणं म्हणजे नेमकं काय, आणि ते पूर्ण करण्यासाठी जगात कुणी कुणी हात लावला, याचा हा इतिहास आहे. तो आपल्या भाषांचाही इतिहास आहे.

ओझी वाहणाऱ्यांचं गाव

पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं गाव. संत सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे. बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रातून तर लोक येतातच, पण तेलंगण आणि कर्नाटकातूनही गाड्या भरून येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथं बंजारा वारशाचं वस्तुसंग्रहालयही उघडलं.

या समाजाचा आणि आपल्या इतिहासाचा संबंध जुना आहे. रेल्वे येण्यापूर्वी हिंदुस्थानात धान्य आणि मीठ दूरवर न्यायचं तर बंजाऱ्यांच्या बैलांशिवाय मार्ग नव्हता. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला वाटेत एक तांडा भेटला, त्यात चौदा हजार बैल होते असं त्यानं लिहून ठेवलं आहे. मुघलांच्या दख्खनच्या मोहिमांना रसद पोहोचवली ती यांनीच. पुढे १८०३ मध्ये इंग्रजांचा सेनापती वेलस्ली मराठ्यांशी लढला, तेव्हा त्याचंही धान्य बंजाऱ्यांच्या पाठीवर होतं. लढणारे बदलले, पण वाहणारे तेच राहिले. मग रेल्वे आली, बैलांची लदेणी संपली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का अनेक भागांत याच लोकांवर बसला, तो पुसायला १९५२ साल उजाडावं लागलं.

बादशाहांची दफ्तरं फारसीत राहिली, इंग्रजांची इंग्रजीत. बंजाऱ्यांची दफ्तरं नव्हतीच, गाणी होती. गोरबोलीला स्वतःची प्रचलित लिपी नाही. महाराष्ट्रातला बंजारा ती देवनागरीत लिहितो, तेलंगणातला तेलुगूत, कर्नाटकातला कन्नडमध्ये. २०११ च्या जनगणनेत ही भाषा हिंदीच्या खात्यात मोजली गेली. आपल्या घरात बोलली जाणारी दखनीसुद्धा अशीच उर्दूच्या खात्यात जाते, म्हणून हे दुखणं मला नवीन नव्हतं. म्हणूनच गुरुजींची चारशे पानं ही एका माणसाची हौस आहे असं मला कधी वाटलं नाही.

भंगार ठरलेलं यंत्र

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणाऱ्या सर्वसाधारण दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ला ठरावीक पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे जगभर असंख्य धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ झाले. गुरुजींचा त्यातलाच एक. चार जीबी मेमरी, किंचित तुटलेलं झाकण, पण कीबोर्ड शाबूत.

मी त्यावर डेबियन बसवायचं ठरवलं. डेबियन हे १९९३ पासून चालत आलेलं लिनक्सचं वितरण, म्हणजे लिनक्सचा गाभा आणि त्यावर लागणारे हजारो प्रोग्राम एकत्र बांधून, तपासून लोकांच्या हाती देणारी व्यवस्था. यामागे कोणी मालक नाही. जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात आणि आपला पुढारी मतदानानं निवडतात. त्यावर मी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडला, म्हणजे चार जीबीत दम लागत नाही. गुरुजींच्या सगळ्या फाईली आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर दोनदा उतरवून घेतल्या. हे पहिलं काम. जो कोणी हा लेख वाचून उत्साहात येईल, त्यानं हे वाक्य विसरू नये.

बसवायला अर्धा तास लागला. पण बसवणं आणि चालणं यात फरक आहे. वायफाय दिसेना. वायफायच्या चिपला काम सुरू करण्यापूर्वी एक छोटा प्रोग्राम भरवावा लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो बहुधा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचा असतो, उघडा नसतो. म्हणून डेबियनवाले अनेक वर्षं तो आपल्या मुख्य प्रतीत ठेवत नव्हते. तत्त्वाचा प्रश्न होता. पण तत्त्वामुळे नवख्या माणसाचा लॅपटॉप इंटरनेटविना बसून राहायचा. २०२२ मध्ये त्यांनी यावर मतदान घेतलं, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर बसवतानाच मिळू लागलं. गुरुजींची चिप मात्र त्यातही न बसणारी निघाली. मग माझा मोबाईल केबलनं जोडला, त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, हवं ते पॅकेज उतरवलं. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर वायफाय आलं.

मग आवाज. स्पीकर मुके. पाहतो तर आवाज टीव्हीच्या जोडणीकडे पाठवला जात होता, जिथं टीव्ही नव्हताच. ते एका टिचकीचं काम निघालं. मग झोप. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा आणि उठायचाच नाही, बटण दाबून धरून मारावा लागायचा. त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी बायोसमधली एक सेटिंग बदलली तेव्हा तो शहाण्यासारखा उठू लागला. प्रत्येक अडचणीला कुणीतरी, कुठंतरी, आधी ठेचकाळलेलं होतं आणि उपाय लिहून ठेवला होता. लिनक्सची खरी दौलत ती आहे. ज्याची अडचण सुटली, त्यानं ती पुढच्यासाठी लिहून जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हणालो, “गुरुजी, झालं. पूर्ण चालू.”

गुरुजींनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. म्हणाले, “मग आता यावर माझं नाव लिहा. मराठीत.”

एका वर्षातल्या तीन घटना

इथून खरा इतिहास सुरू होतो, आणि तो १९९१ या सालाभोवती फिरतो. आपल्याकडे हे साल आठवतं ते आर्थिक उदारीकरणासाठी. पण त्याच वर्षी आणखी तीन गोष्टी घडल्या.

ऑगस्टच्या २५ तारखेला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं की तो हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय. तेच लिनक्स. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन १९८३ पासून ग्नू प्रकल्प चालवत होते. सॉफ्टवेअर वापरायची, उघडून पाहायची, बदलायची आणि वाटायची मोकळीक प्रत्येकाला असावी, असा त्यांचा आग्रह. १९९२ मध्ये टोरवाल्ड्सनी लिनक्स त्यांच्याच परवान्याखाली आणलं आणि ते सगळ्यांचं झालं.

त्याच ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकदाच ठरवून टाकायचं, ही युनिकोडची कल्पना.

तिसरी घटना आपल्या देशातली. भारत सरकारनं इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण आय.एस. १३१९४ या क्रमांकानं १९९१ मध्ये मान्य केलं. त्यामागचं काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झालं आणि पुढे पुण्यात १९८८ मध्ये उभ्या राहिलेल्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्या काळी संगणकात जिस्ट नावाचं कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची. इस्कीमागचा विचार फार सुंदर होता. आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्या लेकी आहेत, त्यांची वर्णमाला क-ख-ग अशीच चालते. मग देवनागरीच्या ‘क’ला, तेलुगूच्या ‘क’ला आणि कन्नडच्या ‘क’ला एकच जागा द्यावी. कीबोर्डही तसाच. १९८६ पासूनच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ‘क’ची कळ सगळ्या लिप्यांत एकच. युनिकोडनं आपल्या लिप्यांची मांडणी करताना १९८८ ची इस्की समोर ठेवली, त्यामुळे तो क्रम तिथंही टिकला. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

फाँटचा वेश

मग प्रश्न असा की १९९१ मध्ये एवढं सगळं ठरलं होतं, तर १९९८ मध्ये टाईप केलेली गुरुजींची गाणी आज का वाचता येत नाहीत?

कारण प्रमाण कागदावर होतं आणि बाजार दुसरीकडे. छपाईवाल्यांना तेव्हाच्या तेव्हा मराठी हवी होती. म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी ‘ए’ साठवतोय, फाँटमध्ये ‘ए’च्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. म्हणजे आत इंग्रजी, वर मराठीचा वेश. फाँट असेपर्यंत सगळं छान दिसायचं. फाँट गेला की वेश उतरला. शिवाय कुठल्या कळीवर कुठलं चित्र, हे प्रत्येकानं वेगळं ठरवलं. एकाचा ‘क’ दुसऱ्याच्या फाँटमध्ये ‘झ’ निघायचा. त्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रात पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल आणि लग्नपत्रिका, सारं याच पद्धतीनं टाईप झालं. गुरुजींच्या फाईलचा प्रोग्राम तर संगणकाच्या मागे लावायच्या एका कुलपावर चालायचा. कुलूप हरवलं आणि चारशे पानं मुकी झाली.

ही गोष्ट ऐकताना मला अब्बांची आठवण झाली. अब्बांनी उर्दूत आमच्या घराण्याची आणि मोहल्ल्याची एक हकीकत लिहिली होती. कोण कुठून आलं, कुठली मशीद कधी बांधली, प्लेगात कोण गेलं. तीही एका बंद प्रोग्राममध्ये टाईप केलेली. अब्बा गेले, संगणक बिघडला, आणि आमच्या हाती आली ती एक सीडी, जिच्यावर ओरखडे होते. आम्हाला उशीर झाला.

उर्दूची अडचण मराठीहून अवघड होती. नस्तालिक लिपीत शब्द सरळ ओळीत बसत नाही, उजवीकडे वरून डावीकडे खाली उतरत येतो. शेजारचं अक्षर बदललं की आधीच्या अक्षराचा आकार बदलतो. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं विसाव्या शतकात कित्येक दशकं कातिब हातानं लिहायचे, मग ती छापली जायची. १९८१ मध्ये कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाईप कंपनीच्या साथीनं हजारो जोडआकार रेखून नूरी नस्तालिक तयार केलं, आणि ‘जंग’च्या लाहोर आवृत्तीनं ते वापरायला घेतलं. तो उर्दूच्या छपाईतला मोठा टप्पा. पण कोणीही फुकट घ्यावा, बदलावा असा नोटो नस्तालिक उर्दू फाँट गूगलनं काढला तो २०१४ मध्ये.

हरफबाज

लिनक्सवर मराठी उमटली ती टप्प्याटप्प्यानं, आणि अनेकांच्या हातांनी. २००२ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपची दुसरी पिढी आली, तिच्यात पँगो नावाचा भाग होता. ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा. नावातच उद्देश. आपल्याकडे इंडलिनक्ससारख्या गटांतली मंडळी त्याच सुमारास लिनक्सचे मेन्यू आणि सूचना भारतीय भाषांत आणत होती. बरेचसे नोकरी सांभाळून, रात्री बसून. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीनं लोहित हे फाँट मोकळे केले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या लाल टोपीवरून. कीबोर्डसाठी एम१७एन नावाचा संग्रह जपानमधल्या संशोधकांनी बांधला, आणि त्यात मराठी, उर्दू, तेलुगू सगळ्यांना जागा दिली.

पण मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हर्फबझविषयी. पडद्यावर ‘क्षि’ दिसतं तेव्हा आत चार वेगळ्या गोष्टी साठवलेल्या असतात : क, हलन्त, ष आणि वेलांटी. वेलांटी साठवताना शेवटी असते, दिसताना आधी यावी लागते. ‘अर्क’मधला र साठवताना क-च्या आधी, दिसताना क-च्या डोक्यावर. आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला तो आडवा र तर मराठीचं खास लेणं, हिंदीला त्याची गरज पडत नाही. ही सगळी जुळणी करणाऱ्या प्रोग्रामला आकार देणारं इंजिन म्हणतात. पूर्वी प्रत्येक डेस्कटॉपचं इंजिन वेगळं. तोच मराठी शब्द एका खिडकीत बरोबर दिसायचा, दुसऱ्या खिडकीत मोडलेला.

हे सारं एका ठिकाणी नीट बांधलं ते मुख्यतः बेहदाद इस्फहबोद या इराणी अभियंत्यानं. तेहरानच्या शरीफ विद्यापीठात शिकलेला, पुढे कॅनडात गेलेला. आपल्या फारसीची अक्षरं संगणकावर धड दिसत नाहीत, तिथून त्याची वाट सुरू झाली, आणि जगातल्या लिप्यांपर्यंत गेली. आपल्या कामाला त्यानं नाव दिलं फारसी. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. ‘ओपनटाईप’ या फाँटच्या पद्धतीचं ते शब्दशः फारसी भाषांतर. आपण उर्दू-मराठीवाले ‘पतंगबाज’, ‘दगाबाज’ असे शब्द वापरणारे, आपल्याला वाटेल अक्षरांशी खेळणारा तो हरफबाज. तोही अर्थ काही वाईट नाही. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉईड फोन, आणि २०१७ पासून लिबर ऑफिससुद्धा याच इंजिनावर अक्षरं जुळवतात. तुम्ही हा लेख मोबाईलवर वाचत असाल, तर यातले जोडाक्षर बहुधा त्याच्याच हातून जात आहेत.

‘हरफ’ हा शब्द मराठीनं फारसीतून केव्हाच घेतला. “त्यानं एक हरफही काढला नाही” असं आपली आजीही म्हणते. तोच हरफ तेहरानहून फिरून लिनक्सच्या वाटेनं पोहरादेवीच्या तांड्यावर पोहोचला होता, याची मला त्या दुपारी गंमत वाटली.

मी गुरुजींचं नाव लिहिलं. पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले. गुरुजींनी चष्मा वर करून पाहिलं. जन्मभर फळ्यावर लिहिलेला माणूस. “हा आपला ल नाही,” म्हणाले. आमच्याकडे ल आणि श यांची वळणं कशी असावीत याचा शासन निर्णयही आहे, नोव्हेंबर २००९ चा. पण युनिकोडला हिंदीचा ल आणि मराठीचा ल एकच आहे, वळण ठरवायचं फाँटनं. फाँटला कळावं लागतं की भाषा मराठी आहे. मी सगळ्या यंत्रणेची भाषा मराठी केली, फाँट बदलला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. देठाचा श आणि आपला ल उमटला. गुरुजी काही बोलले नाहीत. फक्त लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला आणि एका बोटानं लिहायला लागले.

ढावलो

तिसरा दिवस फाईलचा. वेश उतरवलेल्या अक्षरांना पुन्हा मराठी करायचं तर आधी तक्ता लागतो, कुठल्या इंग्रजी चिन्हामागे कुठलं मराठी चित्र आहे त्याचा. गुरुजींना बरीच गाणी पाठ होती. फाईलमधली ओळ मी चिन्हं म्हणून वाचायचो, आणि ते गाण्याचा अंदाज बांधून म्हणून दाखवायचे. दहा-बारा गाण्यांत तक्ता जवळजवळ भरला. काकू चहा ठेवून जाता जाता थांबल्या आणि गुरुजींचा एक शब्द दुरुस्त करून गेल्या. तो शब्द त्यांच्या आईनं सांगितलेल्या गाण्यातला होता.

मग एक छोटा पायथन प्रोग्राम लिहिला. नुसती अदलाबदल करून भागत नाही. जुन्या फाँटमध्ये वेलांटी आधी टाईप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवायची. रफार नंतर टाईप केलेला असतो, तो अक्षराच्या आधी न्यायचा. जोडाक्षरात हे गणित आणखी गुंततं. पहिल्या चालीत अर्ध्याअधिक ओळी सुधारल्या, उरलेल्यांवर रात्रीपर्यंत बसलो. काही शब्द तरीही लागले नाहीत. त्यांच्यावर गुरुजींनी खूण केली आणि म्हणाले, “हे मी तांड्यावर विचारून येतो. अजून दोघी आहेत.”

रात्री जेवताना त्यांनी सहज सांगितलं की त्यांची थोरली बहीण आदिलाबादकडे दिली आहे. तिला मराठी वाचता येत नाही. तिची नात तेलुगू शाळेत शिकते. ढावलो त्या बहिणीच्याच लग्नात आईनं म्हटलेला, तो त्यांनी पुढे आईकडून उतरवून घेतला होता.

तेव्हा मला इस्कीवाल्यांचा तो विचार आठवला. देवनागरीचा ‘क’ आणि तेलुगूचा ‘क’ युनिकोडमध्ये आपापल्या घरात एकाच जागी बसतात. दोन घरांमधलं अंतर ठरलेलं आहे. प्रत्येक अक्षराच्या आकड्यात तेवढी भर घाला, देवनागरीतलं गाणं तेलुगूत जातं. काही अपवाद हातानं नीट करावे लागतात, पण काम पाच-दहा ओळींच्या प्रोग्रामचं. मी ते केलं. पडद्यावर गोल गोल तेलुगू अक्षरं उमटली. मला एकही वाचता येत नव्हतं, गुरुजींनाही नाही. बरोबर झालं की चुकलं, कळायला मार्ग नव्हता.

आम्ही ते पान फोनवर आदिलाबादला पाठवलं. जरा वेळानं फोन आला. पलीकडे नात अडखळत वाचत होती. दुसऱ्या ओळीला तिची आजी तिच्या आधी म्हणायला लागली. गुरुजी फोन कानाला लावून अंगणात निघून गेले. मी ताटावर बसून राहिलो.

आपण कुठे आहोत

विज्ञानाचा विषय निघाला की आपल्या सभांमधून अल् ख्वारिज्मीचं नाव हमखास निघतं. अल्गोरिदम हा शब्द त्याच्या नावावरून आला, हे खरं आहे. बगदादमध्ये बसून त्यानं हिंदी अंकांवर पुस्तक लिहिलं, हेही खरं आहे. पण त्याला साडेअकराशे वर्षांहून जास्त काळ लोटला. त्यानं दुसऱ्यांकडून इल्म घेतलं, त्यात भर घातली आणि पुढे दिलं. आपण त्यातलं फक्त नाव घेतो. पुढचं काम कुणी करायचं?

लिनक्सच्या या तीन दिवसांत मला कळलं ते एवढंच की आपली भाषा यंत्रात कोणी आपण होऊन आणून बसवत नाही. फारसीसाठी एक इराणी बसला, म्हणून आपलीही सोय झाली. मराठीचा ल मराठी माणसानं कुरकुर करून, पाठपुरावा करून मिळवला. बंद प्रोग्राममध्ये तुमचा ल चुकला तर तुम्ही विनंती करून वाट पाहता. उघड्या प्रोग्राममध्ये तुम्हाला स्वतः दुरुस्त करता येतं, किंवा निदान चूक कुठं आहे ते नेमकं दाखवता येतं. गुरुजींच्या लॅपटॉपवर भाषांच्या यादीत मराठी आहे, उर्दू आहे, तेलुगू आहे. गोरबोली आम्हाला दिसली नाही, दखनीही नाही. ती तिथं यावी असं वाटत असेल तर ते काम गोरबोली आणि दखनी बोलणाऱ्या पोरांचं आहे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

वाचकहो, एक विनंती. तुमच्या घरात वालिदांची, आजोबांची, एखाद्या मास्तरांची जुनी सीडी, जुनी फाईल पडली असेल तर ती आज उघडून पाहा. उघडली नाही तर तिचा फाँट कुठला, प्रोग्राम कुठला, हे माहीत असलेला माणूस हयात आहे तोवर त्याला गाठा. त्याच्यासमोर बसून ओळीओळीनं तक्ता करा, आणि मजकूर युनिकोडमध्ये आणून दोन-तीन ठिकाणी ठेवा. लॅपटॉप जुना असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा लिनक्स बसवून बघा.

गुरुजी आता उरलेल्या खुणांचे शब्द शोधत फिरतात. परवा फोन आला होता. त्या दोघींपैकी एकीनं सात शब्द सांगितले. आठवा तिलाही आठवत नव्हता, पण ती म्हणाली, “याडी म्हणायची तेव्हा मी लहान होते, चाल आठवते.” गुरुजींनी चाल रेकॉर्ड करून घेतली आहे. लॅपटॉपचा आवाज आता नीट चालतो.